डॉक्टर, एक विचारू? : नान्नजच्या अलीकडचं हरीण

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या रविवारी वैरागजवळ नणंदेच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. परतताना गाडी मी चालवत होते. शेजारी मिस्टर, मागं सासूबाई आणि मुलगा. वडाळा मागं पडलं होतं, नान्नज यायचं होतं. पावणेसात वाजले असतील. डावीकडच्या ज्वारीतून एक हरीण उडालं आणि रस्ता ओलांडून गेलं. "ते बघ, ते बघ" असं मी मुलाला म्हणतेय तोवर दुसरं आलं, ते थेट बॉनेटवर. शिंगं नव्हती, रंग तांबूस. गाडी थांबवली तेव्हा ते कडेला पडून मान उचलत होतं, मागचे पाय मात्र हलत नव्हते. काय करावं सुचेना. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं जण आले. म्हणाले, "तुमी जावा ताई, आमी लावतो इल्लेवाट. फॉरेस्टवाले आले तर गाडी जमा करत्यात." मिस्टरही म्हणाले, चल. आम्ही निघालो. आरशात पाहिलं तर ते त्याचे पाय दाव्यानं बांधत होते. डॉक्टर, ते तेव्हा जिवंत होतं.

आता गॅरेजवाल्यानं अडतीस हजार सांगितलेत. तो म्हणतो, विम्याच्या फॉर्मवर कुत्रं आडवं आलं असं लिहा, हरणाचं नाव काढू नका. सासूबाई म्हणतात, मुकं जनावर मारलंस, सिद्धेश्वराला अभिषेक घाल. माझ्यावर गुन्हा होईल का? ते वाचलं असतं का? आता पोलिसांकडे गेले तर उलट अडकेन का? त्या रस्त्यानं जायचं म्हटलं की हात गार पडतात.
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, तुम्ही बरंच विचारलंत, पण सगळ्यात आधीचा प्रश्न विचारलाच नाहीत. तो माझा मी घेतो. ते हरीण गेलं कुठं?

माझी सगळी नोकरी सरकारी पशुवैद्य म्हणून गेली, त्यातली बरीचशी उत्तर सोलापूर तालुक्यात. त्या भागात 'इल्लेवाट' या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. खड्डा खणायचा असेल तर कुणी पाय बांधून मोटारसायकलवर घालत नाही. पाय बांधतात ते जिवंत जनावर वाटेत झटापट करू नये म्हणून. त्या दोघांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळं पैजेवर सांगत नाही. पण तुम्हाला गाडी जमा होण्याची भीती घालणाऱ्या माणसाला तुमच्या गाडीची काळजी किती आणि तीस किलोच्या जनावराच्या मटणाची किती, हे तुम्हीच ठरवा.

पंचनामा आणि शवविच्छेदनासाठी वनविभागाचा निरोप आला की मी जायचो. कधी कधी आम्ही पोचेपर्यंत रस्त्यावर फक्त रक्ताचा डाग आणि केस उरलेले असायचे. धडक देणारा निघून गेलेला, बघे गायब, जनावर गायब. 'हरीण धडकलं' ही बातमी तिथंच संपायची. म्हणून मला राग येतो तो धडकेचा नाही. तुम्ही चालवत होतात त्या वेळी त्या रस्त्यावर मी असतो तर कदाचित मलाही ब्रेक लागला नसता. राग येतो तो त्या पुढच्या दहा मिनिटांचा. घाबरलेल्या माणसाकडून ती दहा मिनिटं कुणीतरी हिसकावून घेतं.

आता कायदा. मी वकील नाही, पण पंचनाम्यांच्या निमित्तानं यातलं बरंच वाचावं लागलं. शिंगं नसलेलं, तांबूस, म्हणजे तुम्हाला धडकली ती काळवीटाची मादी. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. (काळवीट हा नराचा शब्द खरा, पण मादी आणि पाडसंही त्यातच आली. आणि शास्त्रानं पाहिलं तर हे हरीण नव्हेच, कुरंग. दरवर्षी गळणारी फांदीदार शिंगं याला नसतात. पण नान्नजला जाऊन कुरंग म्हटलं तर कोण ओळखणार? आपण हरीणच म्हणू.) पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड आहे. हे वाचून घाबरू नका. मुद्दाम केलेली शिकार आणि चुकून घडलेला मृत्यू कायद्याच्या डोळ्यांना वेगळे दिसतात. कलम ३९ मध्ये मेलेल्या आढळलेल्या किंवा चुकून मारल्या गेलेल्या वन्यप्राण्याचा उल्लेख आहे, आणि असा प्राणी सरकारी मालमत्ता होतो असं ते सांगतं. ज्याच्या ताब्यात ती मालमत्ता येईल त्यानं अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवून ती सुपूर्द करायची असते. ताब्यात तुमच्या आली नाही, त्या दोघांच्या आली. चुलीवर चढली असेल तर गुन्हा तिथं आहे. 'मेलेलंच होतं, आम्ही नाही मारलं' हा बचाव त्यांना चालत नाही. तुमच्या बाबतीत तर ते जिवंतही होतं.

चौकशी होणार नाही असं मी म्हणणार नाही. जबाब घेतात, गाडी बघतात, वेग विचारतात. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या हद्दीत कुणी बेदरकार गाडी हाकली असेल तर प्रकरण वाढतं, आणि वाढायलाच हवं. तुम्ही तुमचा वेग लिहिलेला नाही. तो स्वतःशी खरा आठवा. मग जे घडलं ते जसंच्या तसं वनविभागाला कळवा. उशीर झाला आहे, तरीही कळवा. जाण्याआधी एखाद्या ओळखीच्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या. आणि जाल तेव्हा मिस्टरांना बरोबर न्या, 'चल' ते म्हणाले होते.

नंबर लिहून घ्या : १९२६. वनविभागाची हेल्पलाइन. याचाच अंक उलटासुलटा होऊन लोक १९६२ लावतात. तो पशुसंवर्धनाचा फिरत्या दवाखान्याचा नंबर, गाई-म्हशींसाठी. तोही वाईट नाही, पण हरणासाठी आधी १९२६. काहीच आठवलं नाही तर ११२. आणि माणसाला लागलं असेल तर आधी १०८, हरीण नंतर. हे सांगावं लागतं, कारण त्या भागात मोटारसायकलवाले हरणाला धडकतात, आणि तिथं हरणापेक्षा माणूस जास्त मोडतो.

ते वाचलं असतं का? खरं सांगतो. मान उचलतंय पण मागचे पाय मेलेत, याचा अर्थ बहुतेक वेळा पाठीचा कणा गेला. असं काळवीट मी वाचलेलं पाहिलं नाही. पण तो निर्णय डॉक्टरनं सुई हातात घेऊन करायचा असतो, दावं हातात घेऊन कुणी करायचा नसतो. तुमच्या हातून मरण आलं असेल, ठीक. त्याची शेवटची घटका कशी गेली, हे मात्र पुढच्या वाचकाच्या हातात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९९४ सालची गोष्ट. रात्री एका वस्तीवर गाय अडली होती, वासरू सोडवून जीपनं परत येत होतो. कारंब्याच्या पुढं पुढच्या टेम्पोनं एक मादी उडवली. फार लागलं नव्हतं, एक पुढचा पाय मोडलेला, बाकी ठीक. मी पशुवैद्य, माझी बॅग जवळ, मला वाटलं हे आपण वाचवणार. चार माणसांनी तिला धरलं. कुणीतरी बॅटरी डोळ्यांवर मारली. एका भल्या माणसानं तांब्यानं तोंडात पाणी ओतलं. लोक जमले, बोलणं वाढलं. मी पायाला काठी बांधत होतो आणि ती माझ्या हाताखाली थरथरत होती. अर्ध्या तासात गेली. पायानं नव्हे, भीतीनं. या जातीत हे होतं : पाठलाग झाला, धरलं, दाबलं की भीतीनं आणि धडपडीनं स्नायू आतून तुटायला लागतात, रक्तात आम्ल वाढतं आणि हृदय थांबतं. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. त्या रात्री चार माणसांना 'सोडा' म्हणायचं मात्र मला सुचलं नाही.

तेव्हा जिवंत हरीण कडेला पडलेलं असेल तर गाडी पूर्ण बाजूला घ्या, चारी इंडिकेटर लावा, फोन करा आणि लांब उभे राहा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. ते रस्त्याच्या मधोमध असेल आणि मागून ट्रक येत असतील तरच हलवायचं. तेही डोळ्यांवर ओढणी किंवा टॉवेल टाकून, कारण अंधार झाला की ते शांत होतं. पायांपासून जपून, खूर सुरीसारखे लागतात. नर असेल तर शिंगांच्या टप्प्यात जाऊच नका. आणि गर्दीला हाकला. गर्दी हाकलताना शाळेतला आवाज उपयोगी पडतो, तो तुमच्याकडे आहेच.

फोनवर नेमकी जागा सांगा : किलोमीटरचा दगड, वस्तीचं नाव, मोबाईलवरचं लोकेशन. मादी असेल तर तेही सांगा. मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात लपवून ठेवते आणि स्वतः चरायला जाते. पाडस हलत नाही, ओरडत नाही. आई आली नाही तर ते तिथंच पडून राहतं. वनरक्षकाला जागा माहीत असेल तर तो आसपास एक चक्कर मारू शकतो. ताई, हे तुम्हाला छळायला लिहीत नाही. तुमच्या पत्रात पाडसाची काही खूण नाही. पण जागा सांगायला उशीर का करू नये, हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत पटवता येत नाही.

आता विमा. गॅरेजवाल्याचं ऐकू नका. तुमची पॉलिसी सर्वसमावेशक असेल, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तिच्यात असेल, तर जनावर आडवं येऊन झालेलं नुकसान हा अपघातच आहे. मग ते कुत्रं असो, म्हैस असो की हरीण. फक्त थर्ड पार्टी असेल तर कशानंच काही मिळणार नाही, कुत्र्यानंही नाही. मग खोटं कशाला? शिवाय जाळीत आणि नंबरप्लेटच्या मागं अडकलेला केस सर्व्हेअरला दिसतो. पाठीचा तांबूस, पोटाचा पांढरा शुभ्र. एवढं बघायला माझ्यासारखा पशुवैद्य लागत नाही. खोटं विधान सापडलं की दावा तर जातोच, वर वनविभागासमोर तुमच्या खऱ्या बोलण्यालाही कुणी खरं मानत नाही. वनविभागाकडे नोंद असेल तर उलट तीच तुमचा पुरावा ठरते. कंपनीला कळवायला आधीच वेळ गेला आहे, उद्याच कळवा, आणि गॅरेजवाल्याला सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावू नको म्हणा. हिशोब एकच करा : इतकी वर्षं दावा केला नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, तो जातो. अडतीस हजारांपुढं तो बहुधा किरकोळ असेल, पण पॉलिसी काढून आकडे मांडा.

आणि एक, तुम्ही विचारलं नाही तरी : धडकेनंतर तशीच गाडी सोलापूरपर्यंत आणलीत ना? बॉनेट चेपलं म्हणजे मागं रेडिएटर. खाली हिरवं किंवा लाल पाणी ठिबकत असेल तर गाडी एक किलोमीटरही हाकायची नाही, इंजिनचं हेड बसतं आणि अडतीस हजारांचे लाख होतात. हे माझ्या भाच्यानं सांगितलं, त्याचं गॅरेज आहे. दावा मात्र खरा लिहितो.

त्या रस्त्याचं. तुम्ही गेलात तो सगळा पट्टा हरणांचाच आहे. १९७९ साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ते इतकं मोठं होतं, ८,४९६ चौरस किलोमीटर, की कुणाच्या बापजाद्यांची शेतं, कुणाचं घर, सगळं त्यात आलं. पुढं ते कमी करून १,२२२ च्या आसपास आणलं. माळढोक आता दिसला तर पेपरात बातमी येते. काळवीट मात्र माळावर टिकून आहे, कारण त्याला माळ आणि ज्वारी दोन्ही चालतात. पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात ते नान्नजच्या माळासाठी, आणि आपण सोलापूरकर नान्नजला जातो ते द्राक्षांसाठी. जानेवारीत ज्वारी पोटरीतून बाहेर आलेली, माणसाच्या उंचीची. कडेला उभं असलेलं हरीण त्या उंचीत दिसतच नाही. सकाळी उजाडताना आणि दिवेलागणीला ती चरायला हलतात. तुम्ही नेमक्या त्या वेळी, नेमक्या त्या पिकातून आलात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : पहिलं गेलं, आणि तुम्ही मुलाला "ते बघ" म्हणालात. सगळे हेच करतात. गेलेल्या हरणाकडं बघतात. हा कळपाचा प्राणी आहे, एक गेलं की मागचं येतंच, समोर गाडी असली तरी येतं. पहिलं दिसलं की पाय ब्रेकवर, आणि नजर ते जिथून आलं तिथं. हॉर्न वाजवा, समोरून वाहन असेल तर दिवा खाली करा. साठाच्या वेगानं माणसाचं लक्ष जाऊन गाडी थांबेपर्यंत पंचेचाळीस मीटर जातात. ऐंशीला सत्तर. खालच्या दिव्याचा उजेड चाळीस-पन्नास मीटरच्या पुढं फारसा कामाचा नसतो. म्हणजे ऐंशीला तुम्ही आंधळेपणानं चालवत असता, डोळे उघडे असले तरी. आणि अगदी समोर आलंच तर स्टिअरिंग फिरवू नका. सरळ ब्रेक. कडेचा कडुनिंब हरणासारखा बाजूला पडत नाही, आणि मागं तुमचा मुलगा होता.

सासूबाईंचं ऐका, अभिषेक घाला. सिद्धेश्वराच्या तळ्यावर संध्याकाळी जाऊन बसलात तरी हात थोडे गरम होतील. फक्त १९२६ आधी लावा, अभिषेक सोमवारी. आणि त्या रस्त्यानं एकदा दिवसा जा, मिस्टरांना गाडी चालवायला सांगा, स्वतः शेजारी बसून फक्त कडेची ज्वारी बघा. नणंदेचं शेत तिकडं आहे, जन्मभर पंढरपूरवरून वळसा घालून जाणार का?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही हरणांना पाणवठे हवेत म्हणून लिवलंत. आमच्या हरभऱ्यात वीस-वीस हरणं घुसत्यात, कोंब खाऊन मोकळी. रात्रभर फटाके वाजवून कान गेले. तुमाला हरणाची दया, आमची कुणाला?
(एक शेतकरी, बार्शी तालुका)

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे आणि तो पाणवठ्यावर काढलात तरी माझी तक्रार नाही. पाणवठे माळात हवेत, म्हणजे पाण्यासाठी तरी ती तुमच्या विहिरीकडं येणार नाहीत. कोवळ्या हरभऱ्यासाठी येतील, हे मी नाकारत नाही. मी शवविच्छेदन केलेल्या कितीतरी हरणांच्या पोटात हिरवी ज्वारी आणि हरभराच निघाला आहे.

वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकार देतं, त्यात हरीण येतं. बहुतेकांचा अर्ज पडतो तो उशिरामुळं. नुकसान दिसलं त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा, खुरांचे ठसे त्यात येऊ द्या, आणि वनविभाग, कृषी सहायक, तलाठी या तिघांना कळवा. पंचनाम्याआधी पुन्हा पेरणी करू नका, मग दाखवायला काही उरत नाही. मिळणारी रक्कम बियाण्याच्या हिशोबानं पुरते का? नाही पुरत. फटाक्यांची हरणांना आठवडाभरात सवय होते, हे तुम्ही पाहिलंच असेल. तारेत करंट मात्र सोडू नका. त्या तारेला हरणाआधी शेजाऱ्याचं पोर लागल्याचे पंचनामे मी वाचले आहेत.

प्रश्न : गाडीला लावायची हरणं पळवणारी शिट्टी ऑनलाइन तीनशे रुपयांना मिळते. वाऱ्यानं आपोआप वाजते म्हणे. मी रोज मोहोळहून पहाटे कॉलेजला येतो. घेऊ का?
(एक विद्यार्थी, मोहोळ)

उत्तर : परदेशात त्या शिट्ट्यांची हरणांवर तपासणी झाली, तेव्हा हरणांनी ढुंकूनही बघितलं नाही. तीनशे रुपये ठेवा. पहाटे निघताना हेडलाइटची काच पुसायची, त्याला घरातलं जुनं बनियन पुरतं.